बीच बॉइजचा पहिला अल्बम: ब्रायन विल्सनमधला रचनाकार त्यात नेमका कुठे ऐकू येतो?

आडताल

जून २०२५ मध्ये बीच बॉइज या अमेरिकन बँडचे मुख्य रचनाकार ब्रायन विल्सन यांचे निधन झाल्यानंतर मी बीच बॉइजचे अल्बम पुन्हा काढून बसलो, आणि नेहमीसारखी ‘पेट साउंड्स’ या त्यांच्या गाजलेल्या अल्बमपासून (१९६६) सुरुवात न करता अगदी मुळापासून, म्हणजे ऑक्टोबर १९६२ मध्ये कॅपिटॉल कंपनीने काढलेल्या ‘सर्फिन सफारी’पासून ऐकायला घेतले. खरे सांगायचे तर निराशा झाली. बारा गाणी, सगळी मिळून जेमतेम पंचवीस मिनिटांची. विषय पाहावेत तर फळी घेऊन लाटांवर स्वार होणारी मुले, शेवरलेची ४०९ घनइंची इंजिनाची गाडी, जत्रा, रूट बिअर हे गोड पेय, कुकू घड्याळ आणि मुलींच्या झग्याची एक नवी तऱ्हा. वाद्यमेळ किरकोळ, आवाज कोवळे, आणि काही चाली एकीच्या जागी दुसरी ठेवली तरी कोणाच्या लक्षात येऊ नये इतक्या सारख्या.

या अल्बमनंतर चार वर्षांच्या आत ‘पेट साउंड्स’ तयार झाला, हे कालगणनेच्या दृष्टीने मला ठाऊक आहे, पण कानांना ते पटत नाही. म्हणून जाणकारांना दोन प्रश्न विचारावेसे वाटतात. पहिला असा की, विसाव्या वर्षी ब्रायनच्या अंगी जे कसब होते त्याची एखादी स्पष्ट खूण या अल्बममध्ये दाखवता येते का, की आपण पुढचे वैभव माहीत असल्यामुळे ती खूण मागे जाऊन त्यावर उमटवतो? दुसरा प्रश्न श्रेयाचा आहे. बारापैकी नऊ गाण्यांवर ब्रायनचे नाव आहे, पण एकाही ठिकाणी ते एकटे नाही. सहा गाण्यांवर सोबत त्याचा मित्र गॅरी अशर आहे आणि तीन गाण्यांवर बँडमधला गायक माइक लव्ह. शब्द बहुतांशी या दोघांचे असतील, वाद्यमेळ अगदी साधा असेल, आणि कॉर्ड त्या काळच्या रॉक अँड रोलच्या ठरलेल्या चौकटीतल्या असतील, तर मग ब्रायनचे म्हणून वेगळे काय उरते?

केवळ ‘पुढे तो थोर झाला’ एवढ्यावर उत्तर संपवू नये, ही विनंती.

मंद्रसप्तक

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे. ब्रायनचे म्हणून जे उरते ते गळ्यांच्या मांडणीत. आपण गाण्याचे भाग पाडताना शब्द, चाल, कॉर्ड आणि वाद्ये एवढेच धरले आहेत. कोणता गळा कुठे उभा राहील, कोण केव्हा बोलेल आणि कोण केव्हा गप्प बसेल, हा भाग तुमच्या यादीतून सुटला, आणि या मुलाचे सगळे शिक्षण नेमके त्याच भागात झाले होते.

फोर फ्रेशमेन या जॅझ चौकडीच्या तबकड्या तो घरी पियानोपाशी बसून ऐकत असे आणि त्यांतला एकेक आवाज सुटा करून भावांना, आईला शिकवत असे, मग ते सारे टेपरेकॉर्डरवर उतरवून पुन्हा ऐकत असे. या चौकडीची खासियत अशी की, मुख्य चाल सर्वांत वरच्या आवाजाकडे असते आणि बाकीचे तीन आवाज तिच्या खाली ऐसपैस अंतर ठेवून पसरलेले असतात. त्यामुळे चार माणसांचा मेळ प्रत्यक्षापेक्षा मोठा वाटतो. ब्रायनने त्यातली वरच्या आवाजाची जागा आपल्या फॉल्सेटोला, म्हणजे नेहमीच्या पट्टीपलीकडच्या पातळ, उंच आवाजाला दिली. उजव्या कानाने त्याला जवळजवळ ऐकू येत नसे, हेही येथे लक्षात घ्यावे, कारण डाव्या-उजव्या बाजूंच्या खेळाचा त्याला काही उपयोगच नव्हता. त्याच्यासाठी गाण्याला रुंदी नव्हती, उंची होती. कोण वर आणि कोण खाली, एवढेच काय ते होते.

आता ‘सर्फिन’ ऐका. हे अल्बममधले सर्वांत जुने ध्वनिमुद्रण आहे, १९६१ च्या अखेरीस कँडिक्स या छोट्या कंपनीने सिंगल म्हणून काढलेले. वाद्ये म्हणजे काय, तर भाऊ कार्लची गिटार, बँडमधल्या अल जार्डिनचा उभा बास आणि ब्रायनपुढे एकच ड्रम. गरिबी म्हणावी अशी ही सामग्री. पण माइक लव्ह खालच्या पट्टीत जे निरर्थक ‘बॉम बॉम डिट डी डिट’ म्हणतो ते नीट ऐकले तर ध्यानात येईल की ठेका आणि बास, दोन्ही कामे त्या गळ्याकडे सोपवली आहेत, आणि वाद्यांनी जी जागा भरायला हवी होती ती माणसांनी भरून काढली आहे. गळ्यांकडून वाद्यांचे काम करून घेणे हे पुढे बीच बॉइजच्या संगीताचे वैशिष्ट्यच ठरले, पण येथे ते गरजेपोटी आले आहे.

‘सर्फिन सफारी’ या शीर्षकगीतात हीच गोष्ट अधिक जाणतेपणाने केलेली आहे. वाद्यांची प्रस्तावना नाही. गाणे गळ्यांनीच उघडते, तेही थेट मुखड्यावर. म्हणजे श्रोत्याला पहिल्या काही सेकंदांत त्या गाण्यातली सर्वांत लक्षात राहणारी वस्तू मिळालेली असते आणि मग अंतरा सुरू होतो. अंतऱ्यात माइकचा किंचित नाकातला, बोलल्यासारखा आवाज किनाऱ्यांची नावे एकामागून एक टाकत जातो; मुखडा आला की बाकीचे गळे एकवटून वर येतात आणि माइक त्यांच्या खालून निमंत्रण देत राहतो. मधला गिटारचा तुकडा रॉक अँड रोलचा गिटारवादक चक बेरी याच्या वळणाचा आहे. चक बेरीचा ठेका आणि फोर फ्रेशमेनची स्वररचना या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे १९६२ मध्ये कोणाच्या डोक्यात आले असेल असे वाटत नाही. या मुलाच्या आले, आणि ते या अल्बमवर ऐकू येते.

अल्बमवर जे नाही तेही हिशेबात धरायला हवे. कॅपिटॉलला ऐकवण्यासाठी एप्रिल १९६२ मध्ये वेस्टर्न स्टुडिओत जी टेप तयार झाली तिच्यावर ‘सर्फिन सफारी’ आणि ‘४०९’ यांच्याबरोबर ‘लोनली सी’ हे गाणेही होते. संथ, उदास, गिटारच्या सुट्या स्वरांवर तरंगणारे, ब्रायनच्या मुख्य आवाजातले. ते या अल्बमवर घेतलेच नाही. मार्च १९६३ मधल्या दुसऱ्या अल्बमवर आले. आणि ‘सर्फर गर्ल’, जिला ब्रायन आपली पहिली रचना म्हणत असे, तिचे एक ध्वनिमुद्रण फेब्रुवारी १९६२ मध्येच झालेले होते. तिची रचना पाहा: सहा मात्रांच्या आवर्तनांचा संथ झोका, जुन्या गीतांसारखी मुखडा, मुखडा, मधला भाग, पुन्हा मुखडा अशी बांधणी, आणि शेवटाकडे सगळे गाणे अर्ध्या स्वराने वर उचलणे. डिस्नेच्या ‘पिनोकिओ’तल्या एका सुप्रसिद्ध गाण्यावरून आपल्याला ती चाल सुचली, असे तो सांगत असे. तात्पर्य, अल्बम निघाला तेव्हा रचनाकार अल्बमच्या पुढे होता.

जुनी तबकडी

मंद्रसप्तक यांचे गळ्यांच्या मांडणीविषयीचे म्हणणे मान्य आहे, पण सारा प्रकाश एकट्या ब्रायनवर पाडण्याला माझा थोडा विरोध आहे.

पहिली गोष्ट, शब्द. या अल्बमवरचे शब्द पोरकट आहेत हे खरे, पण ते निरुपयोगी नव्हते. विल्सन भावंडांत लाटांवर खऱ्या अर्थाने स्वार होणारा एकटा डेनिस. बाकीच्यांना समुद्राशी फारसे देणेघेणे नव्हते. सर्फिंगवर गाणे करा हा आग्रह डेनिसचा, त्या जगाची बोली माइकने गाण्यात बसवली, आणि शीर्षकगीतातली किनाऱ्यांची नावे तर एका ओळखीच्या सर्फरकडून विचारून घेतलेली होती. गॅरी अशरला गाड्यांचे वेड होते. ‘४०९’च्या सुरुवातीला जी गाडी गरजत जाते ती त्याचीच, रात्री रस्त्यावर ध्वनिमुद्रित केलेली. हॉथॉर्नसारख्या उपनगरातल्या, स्वभावाने भिडस्त मुलाला गाण्यात सांगण्याजोगे विषय या मंडळींनी आणून दिले. पुढे १९९४ मध्ये न्यायालयाने पस्तीस गाण्यांवर माइक लव्हचे नाव सहलेखक म्हणून जोडायला लावले, यावरून त्या काळच्या श्रेयनामावल्या किती विश्वासार्ह होत्या ते दिसतेच.

दुसरी गोष्ट, अल्बम पातळ का वाटतो याची कारणे. त्यांचा रचनेशी संबंध नाही. अल जार्डिन फेब्रुवारी १९६२ मध्ये शिक्षणासाठी बँड सोडून गेला होता, म्हणजे अल्बममधल्या बहुतेक गाण्यांत त्याचा गळाच नाही. त्याच्या जागी आलेला शेजारचा डेव्हिड मार्क्स तेव्हा अवघा तेरा वर्षांचा, आणि तो गिटार वाजवण्यासाठी आला होता. शिवाय तोच गळा दोनदा मुद्रित करून एकावर एक बसवण्याची जी युक्ती ब्रायनने पुढच्या अल्बमपासून वापरली ती येथे नाही. जूनमध्ये सिंगल म्हणून निघालेले शीर्षकगीत अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत चढले, तेव्हा कंपनीला ताबडतोब अल्बम हवा होता, आणि उरलेली बहुतेक गाणी ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या मोजक्या बैठकांत, हॉलिवूडमधल्या कॅपिटॉल टॉवरच्या स्टुडिओत उरकण्यात आली. मोठ्या वाद्यवृंदांसाठी बांधलेला तो स्टुडिओ ब्रायनला आवडत नसे. वेस्टर्न स्टुडिओत चक ब्रिट्झ या तंत्रज्ञाबरोबर केलेली दोन गाणी आणि कॅपिटॉलमध्ये केलेली गाणी एकापाठोपाठ ऐकली तर फरक कोणालाही कळेल. निर्माता म्हणून आवरणावर निक व्हेनेटचे नाव आहे, ब्रायनचे नाही. ब्रायनला ते स्थान प्रथम सप्टेंबर १९६३ मधल्या ‘सर्फर गर्ल’ अल्बमवर मिळाले.

तरीही एका बाबतीत मी आडताल यांच्याशी असहमत आहे. आपण नऊ गाण्यांचा उल्लेख जाता जाता केला, पण त्या काळी एखाद्या तरुण बँडने पहिल्याच अल्बमवर बारापैकी नऊ गाणी स्वतःची म्हणून द्यावीत, ही साधी गोष्ट नव्हती. मार्च १९६३ मध्ये आलेल्या बीटल्सच्या पहिल्या अल्बमवर चौदापैकी आठ गाणी त्यांची स्वतःची होती, आणि तेथे लेखणी चालवणारे दोघे होते. ‘टेन लिटल इंडियन्स’ हे जुने बडबडगीत आहे आणि त्याला ‘स्वतःचे’ म्हणणे हा श्रेयनामावलीचा उदारपणा, हे मात्र कबूल.

आडताल

दोघांचेही आभार. ‘सर्फिन’ पुन्हा ऐकले आणि खालच्या गळ्याचे काम आता वेगळे ऐकू आले.

पण एक शंका राहतेच. ‘लोनली सी’ आणि ‘सर्फर गर्ल’ ही गाणी हाताशी असताना अल्बमवर ‘टेन लिटल इंडियन्स’ आणि ‘कुकू क्लॉक’ आली, तर याचा अर्थ असा होत नाही का, की चांगले आणि सुमार यांतला फरक तेव्हा खुद्द ब्रायनलाही करता येत नव्हता? कसब असणे वेगळे आणि आपल्या कसबाची पारख असणे वेगळे. ही पारख नसेल तर त्याला रचनाकला म्हणण्याऐवजी नैसर्गिक देणगी म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

दुसराअंतरा

चर्चा उशिरा वाचली, पण आडताल यांची ही शंका मूळ प्रश्नापेक्षाही चांगली आहे, म्हणून लिहितो.

निवड त्याच्या हातात किती होती, हा पहिला मुद्दा. वीस वर्षांचा मुलगा, व्यवस्थापक स्वतःचे वडील मरी विल्सन, निर्माता कंपनीचा माणूस, आणि सर्फिंगच्या लाटेवर माल खपवायला उतावीळ झालेली कंपनी. ‘टेन लिटल इंडियन्स’ नोव्हेंबरमध्ये सिंगल म्हणून काढले गेले आणि एकोणपन्नासाव्या क्रमांकावर अडकले, तेव्हा पारख कोणाची चुकत होती याचा विचार करावा. अल्बमवरचे ‘मून डॉग’ हे गॅम्बलर्स या बँडचे वाद्यगीत, ‘समरटाइम ब्लूज’ एडी कॉक्रनचे आणि ‘लिटल गर्ल’ बाहेरून आलेले. पहिल्या अल्बममधली ही भर कोणत्याही बँडच्या वाट्याला येते, तिच्यावरून रचनाकाराचे मोजमाप करू नये.

पण पारख होती की नव्हती हे तपासण्याचा आणखी चांगला मार्ग आहे: या अल्बमसाठी केलेल्या चालींचे ब्रायनने पुढे काय केले ते पाहायचे.

‘काउंटी फेअर’ घ्या. मुलगा मैत्रिणीला जत्रेत घेऊन जातो, ताकद अजमावण्याच्या खेळात हरतो आणि ती दुसऱ्याबरोबर निघून जाते. मध्येच खेळवाला आणि मुलगी यांचे बोलणे घातलेले आहे, म्हणजे गाणे थांबते, नाटुकले सुरू होते, पुन्हा गाणे. विनोद एकदा ऐकला की संपतो आणि त्याबरोबर चालही वाया जाते. ब्रायनने १९६३ मध्ये हीच चाल घेतली, संवाद काढून टाकले आणि तिच्यावर ‘आय डू’ नावाचे लग्नाचे प्रेमगीत बांधले; १९६४ मध्ये ते कॅसल्स या गटाने गायले, ब्रायनच्याच निर्मितीत. दोन्ही एकापाठोपाठ ऐका. पहिल्यात चाल बोलक्या शब्दांच्या मागे धावते, आणि दुसऱ्यात गळ्यांचे थर तिला सावकाश उलगडू देतात. चालीत काहीतरी होते, ते शब्दांमुळे आणि थट्टेमुळे दबले होते, हे ज्याला कळले त्याला पारख नव्हती असे कसे म्हणावे?

दुसरे उदाहरण ‘लँड अहॉय’. याच अल्बमच्या सप्टेंबरमधल्या बैठकीत मुद्रित झालेले, खलाशांविषयीचे हे गाणे वगळण्यात आले आणि वीस वर्षे तसेच पडून राहिले. पण त्याची चाल ब्रायनने टाकली नाही. ऑक्टोबर १९६३ मधल्या ‘लिटल ड्यूस कूप’ अल्बमवर तीच चाल ‘चेरी, चेरी कूप’ या गाडीवरच्या गाण्यात आली, तीही अधिक नेटक्या आणि कसलेल्या गायनासह. खलाशी गेले, गाडी आली, आणि सांगाडा टिकला.

या दोन उदाहरणांवरून माझे मत असे झाले आहे की, १९६२ चा ब्रायन विषय आणि चाल या दोन गोष्टी एकमेकांपासून वेगळ्या काढता येतात हे शिकत होता. ‘सर्फिन सफारी’तली बहुतेक गाणी उलट पद्धतीने बनली आहेत: एक वस्तू घ्यायची, घड्याळ, झगा, रूट बिअर किंवा छापाकाटा करण्याचे नाणे, तिच्याभोवती दोन मिनिटांची गंमत रचायची आणि चालीने त्या गमतीची चाकरी करायची. ‘हेड्स यू विन, टेल्स आय लूज’ हे त्याचे सर्वांत सरळ उदाहरण. शीर्षक वाचले की निम्मे गाणे समजते. शिकाऊ माणसाला ही चौकट उपयोगी पडते, कारण गाणे पूर्ण करण्याची सवय तिच्यातूनच लागते. अशरबरोबर त्याने १९६२ च्या पूर्वार्धात अशी गाणी सपाट्याने पूर्ण केली, आणि त्याच अशरबरोबर ‘इन माय रूम’ लिहिले, जे १९६३ च्या ‘सर्फर गर्ल’ अल्बमवर आले. तेथेही वस्तू एकच आहे, खोली. पण आता ती वस्तू गमतीसाठी वापरलेली नाही. भिंतींच्या आत एकट्याने बसलेल्या मुलाचे मन तिच्यात मावते, आणि गळे आधी एक, मग दोन, मग तीन असे हळूहळू दाखल होत जातात. रूट बिअरवरचे ‘चग-अ-लग’ आणि ‘इन माय रूम’ ही एकाच जोडीची गाणी आहेत, हे मला अल्बममधल्या कोणत्याही एका जागेपेक्षा अधिक बोलके वाटते. सहलेखक तोच होता, म्हणजे बदल शब्द पुरवणाऱ्याच्या बदलामुळे झाला असे म्हणण्याला जागा राहत नाही. जुनी तबकडी यांनी याचा विचार करावा.

जुनी तबकडी

विचार केला. ‘इन माय रूम’विषयी हरकत नाही, मात्र अशरही त्या काळात बदलला असेल ही शक्यता आपण सोडून दिलीत, पुढे बर्ड्स या बँडच्या अल्बमचा निर्माता म्हणून त्याने जे काम केले ते पाहता तोही काही जागच्या जागी राहणारा माणूस नव्हता.

मंद्रसप्तक

अशरविषयी आपले म्हणणे रास्त आहे, आणि दुसराअंतरा यांनी दिलेली ‘आय डू’ची जोडी तर फारच उपयुक्त.

आडताल, पुन्हा ऐकणार असाल तर क्रम असा ठेवावा: ‘सर्फिन’, मग वेस्टर्नमधली तिन्ही गाणी, म्हणजे ‘सर्फिन सफारी’, ‘४०९’ आणि दुसऱ्या अल्बमवरून ‘लोनली सी’, आणि त्यानंतर ‘काउंटी फेअर’ व ‘आय डू’. शक्यतो मूळ एकमार्गी (मोनो) ध्वनिमुद्रणच ऐकावे. नंतरच्या काही संग्रहांतल्या स्टिरिओ आवृत्त्यांत गळे दोन बाजूंना विभागले जातात आणि वर-खाली रचलेला तो मेळ विस्कटतो. ‘कुकू क्लॉक’ वगळायला हरकत नाही, पण वगळण्यापूर्वी त्यातला ब्रायनचा मुख्य आवाज एकदा ऐकावा: अल्बमवर बहुतेक ठिकाणी तो माइकला पुढे करून स्वतः मागे राहिला आहे, आणि येथे एका हास्यास्पद गाण्यात का होईना, मुख्य चाल त्याच्या गळ्यात आहे.